चवीला नाव देताना

क्राफ्ट बिअरच्या शौकिनांची बैठक बसली की एका बाटलीचे सात-आठ वाटे होतात. ३३० मिलिलिटरच्या बाटलीतून माणशी चाळीस-पंचेचाळीस मिलिलिटर वाट्याला येते, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. येणाऱ्याने स्वतःकडची एखादी खास बाटली आणायची, ती सगळ्यांत वाटायची आणि बदल्यात इतरांच्या सात बाटल्यांची चव घ्यायची, असा साधा हिशेब. अमेरिकेत या प्रकाराला ‘बॉटल शेअर’ म्हणतात. बाटल्या कोणत्या क्रमाने उघडायच्या यावर थोडी हुज्जत होते, पण ठोकताळा ठरलेला आहे: हलकी आणि फिकी आधी, मग हॉप्स या वेलीच्या फुलांनी कडू झालेली, शेवटी काळी आणि जड. अकरा टक्के मद्यार्काची गोडसर स्टाउट आधी तोंडात गेली, तर तिच्यामागून आलेली साडेचार टक्क्यांची पिल्सनर कितीही निगुतीने बनवलेली असो, मचूळ लागते. आंबट बिअर कुठे बसवायची याबद्दल मात्र एकमत नाही. अधूनमधून साधे पाणी आणि बिनमिठाचा पाव. शेव, चिवडा, लसणाची चटणी आणि अत्तर या चार गोष्टी अशा टेबलापासून दूर ठेवायच्या असतात. त्यांतल्या पहिल्या तीन दूर ठेवणे महाराष्ट्रात जड जाते.

बाटल्या रिकाम्या होतात तशा वह्या भरतात. या बैठकीत बिअरची देवघेव थोडी आणि शब्दांची फार असते. अमुक बिअर कशी लागली, ती कोणाला रुचेल, कोणाला मुळीच सुचवू नये, हे दुसऱ्याला कळेल अशा रीतीने सांगायचे तर दोघांची भाषा एक असावी लागते. ही भाषा गेल्या पन्नासेक वर्षांत घडली, आणि तिच्यामुळे खुद्द बिअरही बदलली.

‘क्राफ्ट’ कशाला म्हणायचे याची सर्वमान्य व्याख्या नाही. अमेरिकेतील ‘ब्रुअर्स असोसिएशन’ या संघटनेच्या हिशेबी वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणारी आणि मोठ्या मद्य कंपनीच्या हाती २५ टक्के वा अधिक मालकी नसलेली ब्रुअरी ‘क्राफ्ट’ ठरते. अमेरिकी बॅरल साधारण ११७ लिटरचे, म्हणजे ७० कोटी लिटरचा कारखानाही तिथे ‘छोटा’. पूर्वीची मर्यादा २० लाख बॅरल होती. सॅम्युअल ॲडम्स ही बिअर बनवणारी बॉस्टन बिअर कंपनी ती ओलांडण्याच्या बेतात आली, तेव्हा मर्यादाच वर सरकवण्यात आली. शौकीन अशा व्याख्यांच्या फंदात फारसे पडत नाहीत. बनवणाऱ्याचे नाव ठाऊक असावे आणि बिअरला स्वतःची अशी चव असावी, एवढ्यावर त्यांचे समाधान होते.

चाखण्याची सुरुवात पेल्यापासून होते. साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिलेल्या पेल्यात फेस तग धरत नाही. पेला खरोखर स्वच्छ असेल तर प्रत्येक घोटामागे फेसाची एक कडी काचेवर चिकटून राहते, आणि शेवटी त्या कड्यांवरून किती घोटांत पेला संपला हे मोजता येते. बिअर आधी तिरक्या धरलेल्या पेल्याच्या कडेने आणि मग पेला सरळ करून मधोमध ओततात, म्हणजे दोन बोटे फेस येतो. हा फेस शोभेसाठी नसतो. फुटणारे बुडबुडे सुगंधी द्रव्ये वर घेऊन येतात, म्हणून ओतल्याबरोबर पहिला वास घ्यायचा; गंधकाच्या छटेचे काही वास थोड्याच वेळात उडून जातात आणि नंतर शोधून सापडत नाहीत. पेला अर्धाच भरतात आणि शक्यतो तोंडाशी निमुळता घेतात, कारण वास साठायला वर जागा लागते.

तापमानाची गल्लत सर्वांत जास्त होते. बर्फाळ बिअरला चव नसते, कारण थंडीने जीभ बधिर होते आणि वासाची द्रव्ये बिअरमध्येच अडकून राहतात. हलक्या लागरला ४ ते ७ अंश सेल्सियस पुरते, पण दमदार स्टाउट १२ अंशांच्या आसपास खुलते. इंग्रज लोक बिअर ‘कोमट’ पितात असे चेष्टेने म्हटले जाते. त्यांच्या तळघरातले तापमान ११ ते १३ अंश असते, म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेइतके. फ्रिजमधून काढलेली जड बिअर पेल्यात हळूहळू तापत जाते, आणि तिची पहिल्या घोटाची टिपणी आणि विसाव्या मिनिटाची टिपणी दोन वेगळ्या बिअरच्या वाटाव्यात इतकी निराळी असते.

घोट जिभेवर फिरवून गिळायचा. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचे सहसा गिळतात, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यानंतर चढत जातो आणि तो किती वेळ रेंगाळतो, स्वच्छ ओसरतो की घशाशी खरवडत राहतो, हाही परीक्षेचा भाग असतो. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडला की घशाच्या मागून वास वर नाकात पोचतो. ज्याला सर्वसाधारणपणे चव म्हटले जाते, त्यातला मोठा भाग या मागच्या दाराने आलेल्या वासाचा असतो. नाक चिमटीत धरून घोट घेतला तर केळे, लवंग, कॉफी सगळे गायब होते आणि फक्त गोड, आंबट, कडू एवढेच उरते. जिभेच्या टोकाला गोड आणि मुळाशी कडू कळते असा नकाशा शाळेच्या पुस्तकांतून अनेक पिढ्यांनी पाठ केला. तो चुकीचा आहे. सगळ्या मूळ चवी जिभेच्या सर्व संवेदनक्षम भागांत कळतात.

पण कळलेले सांगायचे कसे? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रुअरींमध्येही ‘चांगली’, ‘कच्ची’, ‘उतरलेली’ अशा मोघम शब्दांवर काम भागत होते. एका कारखान्यातला ‘कच्ची’ हा शेरा दुसऱ्या कारखान्यात वेगळ्याच दोषाला लावला जाई. डेन्मार्कमध्ये जन्मलेले रसायनतज्ज्ञ मॉर्टन मीलगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर १९७९ मध्ये एक चक्र तयार केले. त्यात बिअरच्या वास-चवीचे १४ वर्ग आणि त्यांच्या पोटात ४४ संज्ञा होत्या. अट अशी की एका संज्ञेचा अर्थ एकच असावा आणि शक्य तिथे तिच्यामागे ठरावीक रासायनिक द्रव्य दाखवता यावे, म्हणजे ते द्रव्य साध्या बिअरमध्ये थेंबभर मिसळून कोणालाही ओळखायला शिकवता येईल. नंतर वाइनसाठी, कॉफीसाठी, चॉकलेटसाठी अशीच चक्रे निघाली.

या शब्दांचा पाया ठोस आहे. बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला पिकल्या केळ्याचा वास येतो, तो यीस्टने तयार केलेल्या आयसोअमाइल ॲसिटेट या द्रव्याचा. त्याच बिअरमधली लवंग ४-व्हिनाइल ग्वायाकोलची. पिंपात ना केळे घातलेले असते, ना लवंग. लोण्याचा वास आला तर तो डायअसिटिलचा. यीस्टला पुरेसा वेळ दिला असता तर त्याने हे द्रव्य स्वतःच पुन्हा शोषून घेतले असते, म्हणजे लोण्याचा वास हा बनवणाऱ्याच्या घाईचा पुरावा असतो. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास डायमिथाइल सल्फाइडचा. माल्टचे पाणी उघड्या भांड्यात खळखळून उकळले की हे द्रव्य वाफेबरोबर निघून जाते. झाकण ठेवले तर थेंब परत आत पडतात. हिरव्या सफरचंदाचा वास अपुऱ्या मुरण्याची खूण आहे. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर म्हातारी झाली. ती कोणत्या देशाची आणि किती रुपयांची हा प्रश्न त्यापुढे गौण ठरतो.

उन्हाने होणारा बिघाड यात सर्वांत झटपट घडतो. हिरव्या किंवा पारदर्शक काचेतून प्रकाश आत शिरला की हॉप्समधल्या कडू घटकांचे तुकडे पडतात, ते गंधकाशी जोडले जातात आणि एक थायॉल तयार होते. लाख कोटींत काही कण इतक्या सूक्ष्म प्रमाणातही नाकाला ते कळते. कडक उन्हात ठेवलेल्या पेल्यात हा वास काही मिनिटांत येतो. अमेरिकेत त्याला स्कंक नावाच्या तिथल्या प्राण्याचे नाव आहे, कारण त्या प्राण्याच्या फवाऱ्यातही थायॉलच असतात. महाराष्ट्रात स्कंक नाही. ज्याने माळ्यावर चिचुंद्रीचा वावर सोसला आहे, त्याला अंदाज यावा. तपकिरी बाटलीचा उपयोग हा एवढाच आहे.

उपमा कुठल्या मातीतून येतात यावर चाखण्याची भाषा बरीचशी अवलंबून असते. इंग्रजीतल्या टिपण्या बिस्किट, टॉफी, पाइन, ग्रेपफ्रूट अशा शब्दांनी भरलेल्या असतात. १९७२ मध्ये ओरेगॉनमधून आलेल्या कॅस्केड या हॉप्सच्या जातीने अमेरिकी बिअरला ग्रेपफ्रूटचा वास दिला. पपनस सोलताना बोटांना जो वास लागतो त्याच्या तो जवळचा आहे. सिट्रासारख्या नव्या जातींना आंब्याचा वास येतो असे सर्रास लिहिले जाते. रत्नागिरीकडच्या माणसाचा त्यावर पहिला प्रश्न ‘कोणता आंबा?’ हाच असणार, आणि तो रास्त आहे. बहुतेक वेळा तो वास पिकलेल्या हापूसच्या गराचा नसतो. देठ मोडल्यावर चीक येतो, तिथल्या राळेसारख्या वासाशी तो जुळतो. यामागे कारणही आहे: मिर्सीन हे सुगंधी द्रव्य हॉप्सच्या तेलात मुबलक असते आणि आंब्याच्या अनेक जातींतही सापडते.

काही बाबतींत मराठी जीभ आधीच तयार आहे. भाजलेल्या माल्टची चव चांगली उतरली तर ती खरपूस असते, हात चुकला तर करपट. ही सीमारेषा इंग्रजी टिपणीत तीन-चार शब्दांनी आखावी लागते. कडू आणि तुरट यांत नवख्या इंग्रजी परीक्षकांची गफलत होते, कारण कडवटपणा ही चव आहे आणि तुरटपणा हा तोंड आवळल्याचा स्पर्श. षड्रसांची यादी पाठ असलेल्या माणसाला हा फरक आवळा आणि कारले यांनी लहानपणीच शिकवलेला असतो. कुबट, खवट, ओशट, आंबूस, मचूळ, शिळपट या शब्दांची मोठी जमात घरच्या स्वयंपाकघरात फिरत असते, आणि दोष सांगायला यांहून नेमके शब्द मिळणे कठीण. बेल्जियमच्या गव्हाच्या पांढऱ्या बिअरमध्ये खरोखरच धणे आणि संत्र्याची वाळवलेली साल पडते. ब्रेटॅनोमायसीस या रानटी यीस्टच्या वासाला इंग्रजीत घोड्याच्या पांघरुणाची उपमा देतात. मराठीत घामेजलेल्या घोड्याच्या पाठीवरून नुकतेच उतरवलेले खोगीर म्हटले की काम होते. गंमत अशी की काही बेल्जियन बिअरमध्ये हा दोष नव्हे, गुण धरतात.

म्हणजे नुसता वास ओळखून भागत नाही. तो त्या बिअरमध्ये अपेक्षित होता का, हेही ठाऊक असावे लागते. इथे बिअरची ‘शैली’ ही कल्पना येते, आणि ती रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः मायकल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराकडे जाते. गायकाशी नावापलीकडे काही संबंध नसलेल्या या यॉर्कशायरच्या माणसाचे ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ हे पुस्तक १९७७ मध्ये निघाले. तोपर्यंत बिअरवरच्या लिखाणाचा ओढा कारखान्यांकडे आणि आकडेवारीकडे होता. जॅक्सन यांनी ठिकठिकाणी जाऊन बिअरची कुळे लावली, प्रत्येक कुळाची जन्मकथा आणि लक्षणे दिली, आणि बिअरवर वाइनइतक्याच गांभीर्याने पण कमी तोऱ्याने लिहिता येते हे दाखवले. बेल्जियमच्या खेड्यांतल्या कित्येक बिअर बाहेरच्या जगाला त्यांच्यामुळे कळल्या. २००७ मध्ये ते वारले तेव्हा शौकिनांच्या दोन पिढ्या त्यांच्याच शब्दांत बोलत होत्या.

इंग्लंडमध्ये शिफारशीला त्याआधीच चळवळीचे रूप आले होते. मोठ्या कंपन्या पिंपातल्या जिवंत, तिथेच मुरणाऱ्या एलच्या जागी गाळलेली, पाश्चराइज केलेली आणि वायू भरलेली बिअर पबांच्या गळी उतरवत होत्या. १९७१ मध्ये सुटीवर आयर्लंडला गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी एका पबमध्ये बसून याविरुद्ध संघटना काढली. तीच पुढे ‘कॅम्रा’ या नावाने गाजली. चांगली एल कुठे मिळते हे सांगणारी तिची ‘गुड बिअर गाइड’ १९७४ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्या पहिल्या आवृत्तीत वॉटनी या बड्या कंपनीच्या बिअरची तुलना थेट प्लेगशी केलेली होती. खटल्याच्या भीतीने छापलेला मजकूर रद्द झाला आणि ‘टाळा’ एवढाच सल्ला जरा सौम्य शब्दांत ठेवला गेला. शिफारस करणाऱ्याने नाशिफारसही करावी की नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

अमेरिकेची वाट वेगळी होती. तिथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस ब्रुअरींची संख्या शंभराच्या आत आली होती आणि दुकानात मिळणाऱ्या बिअर एकमेकींसारख्या झाल्या होत्या. वेगळी चव हवी असणाऱ्यांनी ती घरी बनवायला घेतली. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा संघराज्याचा कर आणि बंदी उठली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर स्वतःसाठी बनवण्याची मुभा मिळाली. त्याच वर्षी चार्ली पपेझियन यांनी कोलोरॅडोतील बोल्डर गावी घरगुती ब्रुअरांची संघटना सुरू केली आणि १९८२ मध्ये ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ भरवला. घरी बनवणाऱ्याला आपली बाटली दुसऱ्याला चाखायला देण्यावाचून गत्यंतर नसते, कारण स्वतःच्या बिअरमधला दोष स्वतःला जाणवत नाही. स्वयंपाक करणाऱ्याला भाजीतले मीठ कळेनासे होते, त्यातलाच हा प्रकार.

या बाटल्यांना निःपक्षपाती शेरे देण्यासाठी १९८५ मध्ये परीक्षक घडवणारा ‘बीजेसीपी’ हा उपक्रम निघाला. त्याच्या गुणपत्रिकेत एकूण ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर ठशाला १०. रंग, फेस आणि नितळपणा मिळून अवघे ३, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पेल्याचा फोटो काढण्यात वेळ घालवणाऱ्यांनी तर जरूर. ४५ च्या वर गुण क्वचितच पडतात. गुणांपेक्षा महत्त्वाची असते ती खालची मोकळी जागा. तिथे परीक्षकाने जे जाणवले ते लिहायचे, मग ते कशामुळे झाले असावे याचा कयास, आणि सुधारायचे कसे. ‘आवडली नाही’ हा शेरा या कागदावर बाद समजतात.

इतकी तयारी असूनही माणूस फसतो, आणि ब्रुअरींना हे फार पूर्वी उमगले. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारे विल्यम गॉसेट यांना जव आणि हॉप्सच्या थोडक्या नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचे होते. त्यासाठी शोधलेले गणित त्यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केले. आज वैद्यकापासून शेतीपर्यंत वापरली जाणारी टी-चाचणी ती हीच. चाखण्यासाठीची त्रिकोणी चाचणी १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्लसबर्गमध्ये वापरात आली. तीन सारखे पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा बरोबर येतेच, त्यामुळे खात्री पटायला चाचणी पुष्कळ वेळा घ्यावी लागते. शौकिनांच्या बैठकीत बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून हा खेळ खेळला जातो आणि दर खेपेला कोणाची तरी लाडकी बिअर पाडली जाते. किंमत, नाव आणि लेबल दिसले की जीभ त्यांच्या मागे जाते, हे मान्य करण्याची हीच एक रीत आहे.

शिफारशीचे बळ किती वाढू शकते याचे उत्तम उदाहरण पश्चिम फ्लँडर्समधल्या सिंट-सिक्सटस मठात मिळते. तिथले ट्रॅपिस्ट भिक्षू मठाचा खर्च निघेल एवढीच बिअर बनवतात. त्यांची १०.२ टक्क्यांची काळपट ‘वेस्टव्लेटेरेन १२’ २००५ मध्ये शौकिनांच्या मतांवर आधारलेल्या ‘रेटबिअर’च्या यादीत जगात पहिली आली आणि मठाच्या दाराशी मोटारींच्या रांगा लागल्या. भिक्षूंनी उत्पादन वाढवले नाही. फोनवर आधी नोंदणी, गाडीमागे ठरलेले खोके आणि पुढे विकू नये अशी विनंती, एवढ्यावर त्यांनी निभावले. बाटलीला लेबलही नव्हते. आवश्यक तो मजकूर झाकणावर असे. पुढे इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसे हवे होते तेव्हा, २०११-१२ मध्ये, त्यांनी ती बिअर तेवढ्यापुरती बाहेरच्या दुकानांत येऊ दिली आणि काम भागल्यावर पुन्हा दार लावून घेतले. दुर्मीळपणामुळे गुण वाढतात की गुणांमुळे दुर्मीळपणा येतो, हे या बिअरबाबत सुटे करणे अशक्य झाले आहे.

मते देणाऱ्यांचा विश्वास किती नाजूक असतो हेही त्याच यादीने दाखवले. जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीच्या गुंतवणूक शाखेने रेटबिअरमध्ये हिस्सा घेतल्याचे २०१७ मध्ये उघड झाले, तेव्हा काही छोट्या ब्रुअरींनी आपल्या बिअरवरचे अभिप्राय काढून टाकण्याची मागणी केली. २०१९ मध्ये पूर्ण मालकी त्या कंपनीकडे गेली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत रेटबिअर बंद पडले.

पिणाऱ्यांच्या गप्पांनी बिअरच बदलल्याचा दाखला व्हरमाँट राज्यातला आहे. वॉटरबरी गावातल्या ‘द अल्केमिस्ट’ या पबमध्ये जॉन किमिक हे ‘हेडी टॉपर’ नावाची गढूळ, फळांच्या रसासारखी दिसणारी आयपीए (इंडिया पेल एल) बनवत. २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळाच्या पुरात पब वाहून गेल्यात जमा झाला. दोनच दिवसांनी त्यांच्या नव्या कारखान्यातून या बिअरचे पहिले डबे बाहेर पडले. डब्यातूनच प्यावी अशी सूचना डब्यावर होती. पेल्याचा एवढा महिमा गाणाऱ्या मंडळींना ती चमत्कारिक वाटली, तरी डबे मोटारींतून देशभर फिरले, एकमेकांना दाखवले गेले, अदलाबदलीत गेले. प्रस्थापित निकषांनुसार आयपीए नितळ असायला हवी. गढूळपणाला गुण कापले जात. मात्र ठिकठिकाणचे ब्रुअर हीच धाटणी उचलू लागले आणि २०१८ मध्ये ब्रुअर्स असोसिएशनने गढूळ आयपीएला स्वतंत्र वर्ग दिला. परीक्षकांच्या पुस्तकाला शौकिनांच्या मागून जावे लागले.

या सामूहिक पसंतीत एक ठळक खोट आहे. याद्यांच्या डोक्यावर नेहमी जड स्टाउट आणि हॉप्सने ओथंबलेल्या आयपीए दिसतात. साधी लागर खाली कुठेतरी असते. याचे कारण वाट्याच्या आकारात आहे. पंचेचाळीस मिलिलिटरच्या घोटात जे मोठ्याने बोलते तेच ऐकू येते. पिल्सनर अर्ध्या लिटरच्या पेल्यासाठी घडवलेली असते. तिचा शेवटचा घोट पहिल्याइतकाच हवासा वाटणे ही तिची कसोटी, आणि ती कसोटी वाट्यांच्या बैठकीत कधी लागतच नाही. लग्नाच्या पंगतीत श्रीखंडाची वाहवा होते, रोजच्या वरणभाताला कोणी गुण देत नाही, तसेच हे. म्हणून मुरलेला शौकीन गुणांचा आकडा सांगण्याऐवजी आधी विचारतो की समोरच्याला काय आवडते. काळी कॉफी बिनसाखरेची पिणाऱ्याला तो कोरडी आयरिश स्टाउट सुचवतो, सोलकढीवर जीव असणाऱ्याला बर्लिनची आंबट गव्हाची बिअर, आणि कडू नकोच म्हणणाऱ्याला बव्हेरियाची केळ्या-लवंगेची. सोबत तारीख बघायलाही सांगतो. हॉप्सचा वास महिन्या-दोन महिन्यांत उतरू लागतो, त्यामुळे सहा महिने दुकानाच्या फळीवर राहिलेली आयपीए सुचवणे म्हणजे शिळी भेळ सुचवणे. जड काळी बिअर मात्र थंड, अंधाऱ्या जागी वर्षानुवर्षे मुरवता येते.

आयपीएच्या नावातला ‘आय’ हिंदुस्थानचा आहे, आणि तिची कहाणी प्रत्येक बैठकीत कोणीतरी सांगतोच. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या जॉर्ज हॉजसन यांच्या बो ब्रुअरीतून फिकी, भरपूर हॉप्सची एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या प्रवासात ती चांगली मुरत असे. हॉजसन यांनी ती हिंदुस्थानासाठी मुद्दाम शोधून काढली, हा भाग मात्र दंतकथेचा. तशी बिअर इंग्लंडमध्ये आधीपासून होती; त्यांची ब्रुअरी गोदीच्या जवळ होती आणि ते जहाजाच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देत. शिवाय फिकी एल पिणारे होते ते कंपनीचे अधिकारी आणि व्यापारी. गोऱ्या शिपायांच्या वाट्याला मुख्यतः काळी पोर्टर येई.

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअर आली ती पुण्यातून. २००९ मध्ये तिथे ‘डूलॅली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली. हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून राहत. त्या रिकामपणात आणि उकाड्यात डोके फिरलेल्याला ‘डूलॅली टॅप’ झाला म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे नळ नव्हे, तर आपला ताप. मद्याच्या नळाशी जुळणारा हा श्लेष योगायोगाने लाभला.

इथल्या कायद्याने शौकिनांच्या बैठकीला वेगळे वळण दिले आहे. परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे अमेरिकेतली घरगुती ब्रुअरांची फळी इथे उभी राहिली नाही; बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि मद्यसेवनाचा परवाना लागतो. मायक्रोब्रुअरीची बिअर बहुतांशी जिथे बनते तिथेच, नळावरून, प्यायली जाते. साहजिकच पुण्या-मुंबईच्या शौकिनांची अदलाबदल बाटल्यांऐवजी जागेच्या पत्त्यांची होते. एका लाकडी फळीवर चार-सहा छोटे पेले मांडून येतात, टेबलाभोवती फिरतात, आणि कोणता पूर्ण मागवायचा हे ठरते. जाणकार गिऱ्हाईक त्याआधी एक प्रश्न विचारतो: पिंप कधी लागले? गेल्या आठवड्यात मित्राने वाखाणलेली गव्हाची बिअर आज त्याच नावाने नळावर असली तरी ती दुसऱ्या घाण्याची असू शकते. टिपणवहीत म्हणूनच बिअरच्या नावाशेजारी जागा आणि तारीख लिहून ठेवतात.